डोक्यावर लावायचं भिंग: दिवाळीत घेतलं, ऐन मे महिन्यात बिजागरी गेली

हेडबँडवालं भिंग कसं असतं ते रिपेरिंगवाल्यांना सांगायची गरज नाही. डोक्याला पट्टा, पुढे वर-खाली होणारी फ्रेम, बदलायच्या पाच लेन्स आणि कपाळावर एलईडी. मी घेतलं ते सगळ्यात साधं, सहाशेच्या आसपासचं, काचेचं इम्पोर्टेडही मिळतं पण ते काही हजारांत जातं आणि माझ्या धंद्यात तेवढा पैसा भिंगात घालणं मला पटत नाही.

जळगाव जिल्ह्यात सावद्याला माझं रिपेरिंगचं दुकान आहे. मोटरीचे ऑटो (वीज आली की पंप आपोआप चालू करणारे), स्टार्टरची कार्डं म्हणजे आतली सर्किटची पाटी, झटका मशीन, इन्व्हर्टर, जे येईल ते करतो. पन्नाशीच्या जवळ आलो तसं कार्डावर चिकटवलेल्या बारीक एसएमडी रेझिस्टरवरचे आकडे वाचता येईनात. २ मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद तुकडा, त्यावर १०२ लिहिलंय का १०३ हे दिसलंच पाहिजे, कारण १०२ म्हणजे १ किलोओहम आणि १०३ म्हणजे १० किलोओहम, एका आकड्याने दहापट फरक पडतो. भिंग लावलं त्या दिवशी कार्डावरचा केसासारखा तडा सुद्धा दिसला, जो मी आधी नुसता मीटर लावून लावून शोधत बसलो असतो. त्यामुळे वस्तू कामाची आहे, यात मला शंका नाही.

पण बिजागरी! सगळा राग तिच्यावर आहे.

फ्रेम ज्या दोन कानांवर फिरते ते कान प्लास्टिकचे, त्यात प्लास्टिकचीच पिन. नवं असताना फ्रेम वर केली की वर राहायची. आमच्या कामात ती दिवसभर वर-खाली होते, गिऱ्हाईक आलं की वर, काम धरलं की खाली, मीटर बघायला वर, परत खाली. संक्रांतीच्या सुमाराला ती ढिली झाली आणि मग वर केलेली फ्रेम आपोआप नाकावर यायला लागली. गिऱ्हाईकाशी बोलताना आली तर एकवेळ चालेल, पण हातात सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न असताना फ्रेम अचानक डोळ्यासमोर पडली की समोरचं सगळं धूसर होतं, हात दचकतो आणि टिप शेजारच्या आयसीच्या (चिपच्या) पायाला लागते. माझ्याकडे असं झालंय, दोन पाय एकमेकांना चिकटले आणि ते सोडवण्यात अर्धी दुपार गेली. बाहेर केळीवाला शेतकरी उभा, म्हणतोय, "भाऊ, आज पाणी नाही सुटलं तर बाग बसेल." मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, केळीला एक दिवसही पाणी चुकवता येत नाही, आणि त्याचं कार्ड अडलं कशामुळे, तर या दोन रुपयांच्या पिनेमुळे.

त्याच आठवड्यात डावा कान पिनेपाशी मोडला. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे लेन्सला तडा असेल तर फोटो पाठवा, फ्रेम वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं बिजागरी सुटी द्या, मी पैसे देतो. तर सुटी मिळत नाही, नवीन सेट घ्या! पाचही लेन्स चांगल्या, एलईडी चांगला, पट्टा चांगला आणि एका कानासाठी पूर्ण सेट फेकून द्यायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

मग स्वतःच केलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची छोटी पट्टी कापून मोडलेल्या कानाला आतून जोड दिला, दोन्ही बाजूंच्या पिना काढून तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि एम३ बोल्ट, दोन वॉशर, नायलॉक नट असं बसवलं. साधा नट लावू नका, फ्रेम वर-खाली केली की तो हळूहळू उघडत जातो. नायलॉकच्या आतली नायलॉनची रिंग बोल्टला धरून ठेवते, त्यामुळे हवी तेवढी घट्टाई ठेवता येते. आता फ्रेम कुठेही सोडा, तिथेच थांबते. कंपनीने हेच आधीपासून दिलं असतं तर दहा रुपये खर्च आला असता.

लेन्सबद्दल माझं मत मात्र मधे बदललं. सुरुवातीला ३.५ ची, म्हणजे साडेतीनपट दाखवणारी लेन्सच भारी वाटायची, सगळं मोठ्ठं दिसतं म्हणून. पण लेन्सचा आकडा जेवढा मोठा तेवढं जवळ जावं लागतं. हिशोब सोपा आहे, लेन्सच्या आकड्यातून १ वजा करा आणि ४ ने गुणा, तो तिचा चष्म्यासारखा नंबर. २ ची लेन्स म्हणजे ४ नंबर, ती २५ सेंटीमीटरवर साफ दाखवते. ३.५ ची म्हणजे १० नंबर, तिच्यात १० सेंटीमीटरवर नाक न्यावं लागतं, मग आयर्नची मूठ फ्रेमला अडते आणि सोल्डरबरोबर वितळणाऱ्या फ्लक्सचा धूर सरळ तोंडात. स्वस्त मालात छापलेला आकडा खरा असेलच असं नाही, म्हणून भिंतीसमोर लेन्स धरून लांबच्या झाडाचं उलटं चित्र साफ पडेपर्यंत मागेपुढे करा आणि भिंतीपासूनचं अंतर पट्टीने मोजा, तेच तिचं साफ दिसायचं खरं अंतर. सोल्डरिंग २ वर, आणि फक्त आकडा वाचायला किंवा तडा शोधायला ३.५, असं मी आता वापरतो.

चष्मेवाल्यांनो, हे नीट वाचा. जवळच्या चष्म्यावरून भिंग लावलं तर दोन्ही नंबरांची बेरीज होते. जवळचा नंबर २ असेल आणि लेन्स ४ नंबरची असेल तर ६ होतात, म्हणजे अंतर २५ वरून साधारण १७ वर येतं. माझी मान दुखायची ती यामुळेच, भुसावळच्या चष्मेवाल्यांनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. बायफोकल असेल तर वरच्या भागातून बघा, अंतर परत मिळतं. आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर चष्मा काढून फक्त भिंग लावू नका, त्यातली लेन्स दोन्ही डोळ्यांना सारखीच असते.

एलईडी मी बंदच ठेवतो, ताज्या सोल्डरवर तो इतका चमकतो की जोड कोरडा (नीट न धरलेला) आहे का बरोबर तेच कळत नाही, बाजूने टेबललॅम्प बरा. उन्हाळ्यात कपाळाचा फोम घामाने वास मारतो, मी त्यावर जुन्या सुती रुमालाची पट्टी शिवली, रोज धुता येते. लेन्स ॲक्रेलिकच्या आहेत, थिनर लागला की गेल्याच, कार्ड साफ करायचं पीसीबी क्लीनर लागलेल्या हाताने सुद्धा पुसू नका, साबणाचं पाणी आणि मऊ कापड. आणि खिडकीतल्या उन्हात उघडी ठेवू नका, माझ्या बाकावरच्या रबरी मॅटला ३.५ च्या लेन्सने काळं भोक पाडलंय.

नवीन घेणार असाल तर दुकानात फ्रेम वीस-तीस वेळा वर-खाली करून बघा, आणि कानावर पिन आहे का स्क्रू ते आधी बघा. स्क्रू असेल तर शंभर रुपये जास्त द्यायला हरकत नाही. पिनवालं आधीच घरात असेल तर मोडायची वाट बघू नका, चांगलं आहे तोवरच दोन्हीकडे नायलॉक टाकून घ्या.