सुचेल तसं वाजवायचं की लिहून काढायचं?
आल्टो सॅक्सोफोनवर मी दोन्ही करतो, तिथल्या तिथे सुचेल ते वाजवणं आणि बसून नवीन पीस लिहिणं, पण खरं सांगतो, वाजवणं मला जास्त जवळचं. सकाळी साडेसहाला दादर चौपाटीवर उभा राहतो, एकच सूर धरतो, गालात साठवलेली हवा बाहेर ढकलता ढकलता नाकाने श्वास घ्यायचा म्हणजे सूर तुटत नाही, मग बोटं जरा वेगळी ठेवली की एकदम दोन-तीन सूर फुटतात, त्यातला खालचा थरथरत असतो, तो नेईल तिकडे आपण जायचं. इंग्लंडचा सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर याच वाजवण्यासाठी ओळखला जातो. आलाप ऐकत वाढलेल्याला हे परकं वाटत नाही.

लिहिताना घाई नसते, खोडता येतं, आणि मुख्य म्हणजे दुसरा कोणी ते वाजवू शकतो. इटालियन संगीतकार लुचानो बेरिओने १९८१ मध्ये आल्टोसाठी केलेली सिक्वेन्झा, म्हणजे एकट्या वादकासाठीची रचना, आजही वाजते. पण ते दोन-तीन सूर कागदावर उतरवायचे तर सॅक्सची कुठली बटणं दाबायची याचं चित्र काढावं लागतं, आणि माझ्या सॅक्सवर निघतं ते दुसऱ्या माउथपीसवर (तोंडात धरून फुंकायच्या भागावर) निघेलच असं नाही. त्यात आपला पावसाळा, दमट हवेत रीड, म्हणजे माउथपीसवरची थरथरणारी पातळ पट्टी, वाकते आणि काल लिहिलेलं आज निघत नाही, फार जीव तुटतो तेव्हा.

नवीन शिकणाऱ्याने आधी भरपूर वाजवावं, फोनवर रेकॉर्ड करावं आणि चार दिवसांनीही ऐकावंसं वाटेल तेवढंच लिहावं.