जळगावातलं तीन दिवसांचं एअर पिस्तूल शिबिर: पाया पक्का, शेड तापलेलं

स्वसंरक्षणाच्या चटपटीत युक्त्या शिकायला येणाऱ्यांचा इथे हिरमोड होईल. हे १० मीटरवरच्या एकहाती नेमबाजीचं शिबिर आहे. पहिल्या दिवशी एकही छर्रा मिळत नाही. नळी कायम निशाण्याच्या दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, आणि कोऱ्या भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाचा नुसता ट्रिगर दाबायचा. कंटाळवाणं खरं, पण पैसे इथेच वसूल होतात.

ट्रिगर किमान ५०० ग्रॅम दाबाशिवाय सुटणार नाही असा ठेवलेला असतो. ट्रिगर हलकेच सरकतो तो पहिला टप्पा ओढून थांबायचं, मग दाब हळूहळू वाढवायचा. नजर पुढच्या साइटवर (नळीच्या टोकाकडचा नेम धरायचा खुंट), निशाणा धूसर. नवखे नेमकं उलटं करतात. उजव्या हाताने मारणाऱ्याचे छर्रे डावीकडे खाली जात असतील तर आधी साइटचे स्क्रू फिरवू नका, बहुधा बोट झटका देतंय. सात-आठ सेकंदांत नेम स्थिरावला नाही तर हात खाली घ्यायला लावतात. बरंच करतात! छर्रा सुटल्यावरही क्षणभर हात तसाच धरायचा.

ग्रिप मात्र एकाच मापाची. तळव्यात पोकळी राहिली की मनगट दर वेळी वेगळं वळतं, आणि निशाण्यावर छर्र्यांचा गट पसरतो. छर्रे शिशाचे, बोटांना करडी काजळी लागते, तरी नळावर साबण नाही. तशाच हातांनी कळण्याची भाकरी मोडू नका, साबण घरून न्या. एप्रिल-मेमध्ये सकाळचीच बॅच घ्या; दुपारी पत्र्याखाली घामाने मूठ सटकते.