अकरा महिन्यांची जीप: पाटी विलिसची, सांगाडा फोर्डचा

अकरा महिन्यांपूर्वी दुसऱ्या महायुद्धातली ही अमेरिकन लष्करी जीप बघायला गेलो तेव्हा ग्लव्हबॉक्सच्या झाकणावर चकचकीत पाटी होती: विलिस, मॉडेल एमबी, 1944. ही जीप विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्या बनवत, विलिसची ती ‘एमबी’. विकणाऱ्यानं त्या पाटीवर बोट ठेवून गाडीची सगळी जन्मकथा सांगितली आणि मी मान डोलावत ऐकली. एवढ्या जुन्या गाडीवर एवढी नवी पाटी कशी, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला.

पहिला महिना गाडी चालवण्यापेक्षा गाडीखाली झोपण्यात गेला. रेडिएटरच्या खालचा चेसिसचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा असतो आणि फोर्डमध्ये उलट्या ‘यू’सारखा चौकोनी. माझा चौकोनी निघाला. मग तारेचा ब्रश घेऊन बसलो. ग्रीसचा काळा थर निघाला तसा एका बोल्टच्या डोक्यावर बारीक तिरपा ‘एफ’ दिसला, शेजारच्यावर दुसरा, ब्रॅकेटवर तिसरा. फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, हे अक्षर उठवलं होतं. शेवटी चेसिसच्या डाव्या पट्टीच्या माथ्यावरचा रंग खरवडला, तर आकड्यांच्या आधी ‘जीपीडब्ल्यू’, म्हणजे फोर्डच्या जीपचं मॉडेल. थोडक्यात, सांगाडा फोर्डचा. गंमत म्हणजे इंजिनावरचा नंबर मात्र ‘एमबी’नं सुरू होतो.

यात फसवणूक किती? सरमिसळीबद्दल माझी तक्रार नाही. फोर्डनं ही गाडी विलिसच्याच नकाशांवरून बनवली, एकाचे भाग दुसऱ्याला बसावेत हाच हेतू होता. युद्धकाळात दोघांनी मिळून 6 लाखांहून जास्त जीपा काढल्या, आणि दुरुस्तीच्या तळावर जे इंजिन हाताला लागलं ते बसवलं गेलं. माझा राग फक्त त्या नव्या पाटीवर आहे.

आता चालवण्याबद्दल. इंजिन 2.2 लिटरचं, ताकद 60 अश्वशक्ती, गिअर तीन. पायाशी लिव्हरही तीन: एक गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा, एक हाय-लोचा, म्हणजे वेगाची किंवा जोराची गती निवडायचा. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारावाच लागतो, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबायचा. दोन महिने खरखर ऐकून लोक वळून बघायचे. ताशी 60 किलोमीटरला गाडी खूश असते, त्यापुढे हँडलमधला प्ले (ढिलेपणा) आणि माझे दात एका तालात वाजतात.

पुढची चाकं जोडायची ती चिखलातच. मध्ये डिफरन्शियल (दोन ॲक्सलना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची पेटी) नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि लिव्हर अडकून बसतो. मी दोन्ही हातांनी ओढून बघितला, हलेना. चार फूट रिव्हर्स घेतली, तर एका बोटानं निघाला.

बॅटरी 6 व्होल्टची. सेल्फ मारला की कण्हायची, म्हणून सगळे बॅटरीला नावं ठेवत होते. खरा दोष तारांचा होता. व्होल्टेज निम्मं असलं की तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, आणि कुणीतरी तिथे 12 व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबली घातल्या होत्या. जाड केबली टाकल्या, अर्थिंगची जागा घासून स्वच्छ केली, तेव्हापासून गाडी पहिल्या झटक्यात उठते.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. भरायचं तर उतरून सीट वर करायची. टाकीच्या खोबणीत पाणी साचतं, तिथला पत्रा आधी तपासा. फरशीखालच्या पट्ट्यांत लाकूड भरलेलं असतं, ते ओलं राहून आतून गंज लावतं. माझ्याकडे एका पट्टीत बोट गेलं, लाकडाचा भुगा बाहेर आला.

पण एक गोष्ट अशी की तिच्यासाठी बाकी सगळं माफ. रात्री रस्त्यात गाडी बंद पडली. टॉर्च घरी. बोनेट उघडलं, हेडलाइटचा विंग नट सैल केला, दिवा उलटा फिरवला, आणि सगळं इंजिन उजळलं. कार्ब्युरेटरमधला कचरा त्याच उजेडात काढला.

सोबतच्या संग्रहाचं थोडक्यात. फेब्रुवारी 1944 चं टीएम 9-803 हे लष्करी मॅन्युअल मिळालं, अस्सल. वंगणाच्या तक्त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा आहे. ते कपाटात, कामाला पुनर्मुद्रित प्रत. खरं तर हे पुस्तक गाडीच्या आधी घ्यायला हवं होतं. जेरीकॅन (पेट्रोलचा लष्करी पत्र्याचा डबा) घेताना झाकण बघा: अमेरिकन पेट्रोलच्या कॅनला फिरकीचं, जर्मनला खटक्याचं. मला फिरकीचा सांगून खटक्याचा पाठवला. दोन भाग बोल्टनं जोडलेल्या ‘कॉम्बॅट’ रिम असतील, तर आधी सगळी हवा सोडा, मगच ते बोल्ट सैल करा. यात विनोद नाही, जीव जातो.

ॲल्युमिनियमची बॉडी गंजत नाही म्हणून जुनी लँड रोव्हर घ्या, असा सल्ला पुष्कळांनी दिला. बॉडी नाही गंजत, पण चेसिस लोखंडीच असते आणि ती आतून पोखरते.

पाटी मी गेल्या महिन्यात काढली. झाकणावर स्क्रूची भोकं तशीच आहेत. फोर्डची कोरी नक्कल मिळते, पण तिच्यावर डिलिव्हरीची तारीख मलाच ठोकावी लागेल, आणि ती मला माहीत नाही.