स्केचअप एक्स्टेंशनची खिडकी: वेबडायलॉग की एचटीएमएलडायलॉग?

इथे मुंबईत आर्किटेक्ट लोकांसाठी स्केचअपची (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) एक्स्टेंशन्स बनवताना, कार्पेट एरिया काढणारं वगैरे, कोणी ना कोणी विचारतंच की जुना वेबडायलॉग, म्हणजे एक्स्टेंशनचं एचटीएमएल पान दाखवणारी खिडकी, चालतोय तर तो बदलून नवा एचटीएमएलडायलॉग घ्यायला हात कशाला लावायचा. माझं मत सरळ आहे, लावा.

वेबडायलॉग विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन वापरतो आणि मॅकवर सफारीचं, म्हणजे एकच खिडकी दोनदा तपासा, वर विंडोजवर योग्य मेटा टॅग नसला तर पान जुन्या आयई मोडमध्ये उघडतं आणि सीएसएसची पार वाट लागते. स्केचअप २०१७ पासून आलेल्या एचटीएमएलडायलॉगमध्ये दोन्हीकडे क्रोमियम (क्रोम ब्राउझरमागचं इंजिन), त्यामुळे फ्लेक्सबॉक्ससारखं नवं सीएसएस बिनधास्त वापरा.

खरा फरक पानाने रुबीशी, म्हणजे एक्स्टेंशनचा कोड ज्या भाषेत असतो तिच्याशी, बोलण्यात आहे. जुन्यात पानातून 'एसकेपी:' ने सुरू होणारी लिंक मारायची आणि पॅरामीटर म्हणून एकच स्ट्रिंग, मग खोलीचं नाव, लांबी, रुंदी पाठवायची तर तिन्ही चिकटवा, रुबीत परत तोडा, आणि नावातच कॉमा आला की बोंबला! नव्यात तीन व्हॅल्यू म्हणजे सरळ तीन आर्ग्युमेंट, आकडा आकडाच राहतो, अ‍ॅरेपण जातो, आणि रुबीचं काम झालं की 'ऑनकम्प्लिटेड' फंक्शन चालतं. हे एकच कारण मला पुरेसं आहे.

एक सोय जाते, रुबीतून थेट इनपुटची व्हॅल्यू वाचता येत नाही, ती जावास्क्रिप्टनेच पाठवायची.

क्लायंट अजून २०१६ किंवा त्याआधीच्या व्हर्जनवर असेल तरच वेबडायलॉग सांभाळा, व्हर्जन बघून दोनातला एक उघडता येतो, पण पानातले कॉलबॅक (रुबीला हाक मारणारा कोड) मग दोन पद्धतीने लिहावे लागतात.