गुन्हा दाखल झालाय: तालुक्याचा वकील, जिल्ह्याचा, हायकोर्टाचा की लोकअभिरक्षक?

बांधावरून हाणामारी झाली आणि ठाण्यात नाव गेलं, की घरात ‘मोठा वकील बघा’ अशी धावपळ सुरू होते. त्याआधी एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे सोडले, तर एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली जाते. आरोपीला तिची प्रमाणित प्रतही मागता येते. वकील कोणता हवा, हे त्यातली कलमं सांगतात.

आधी घटनेची तारीख बघा. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागू होते, त्याआधीच्या घटनेला जुनं भारतीय दंड विधान. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचं, पहिलं परिशिष्ट उघडा. प्रत्येक कलमासमोर शिक्षा, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र आणि खटला कोणत्या न्यायालयात चालणार, हे लिहिलेलं असतं.

त्याच बांधावरच्या भांडणात साधी दुखापत असेल तर न्याय संहितेचं कलम 115(2) लागतं: एक वर्षापर्यंत शिक्षा, अदखलपात्र, जामीनपात्र. हाड मोडल्याचं एक्स-रेत दिसलं की 117(2): सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. डोक्यात कुऱ्हाड घातल्याचा आरोप असेल तर 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि खटला थेट सत्र न्यायालयात. पहिल्या दिवशीची कलमं शेवटपर्यंत तीच राहतील असं धरू नका. सरकारी दवाखान्याचा जखमेचा दाखला आला की कलम वाढतं. ‘गंभीर दुखापती’च्या व्याख्येत पूर्वी वीस दिवसांच्या तीव्र वेदना होत्या, आता पंधराच दिवस आहेत. त्यामुळे जखमी माणूस दवाखान्यात किती दिवस राहतो, याकडे वकिलाचं लक्ष हवं.

पहिले दोन दिवस: तालुक्याचा वकील

अटकेनंतर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची असतात, तीही रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागण्याच्या सुनावणीच्या, किमान दोन तास आधी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय. ती दिलीत का, हे रिमांडच्या वेळीच विचारावं लागतं. जिल्ह्याहून निघालेला नावाजलेला वकील पोहोचेपर्यंत पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मंजूर झालेली असते. तालुक्याच्या वकिलाला सुट्टीच्या दिवशी कोणते न्यायाधीश बसतात हे ठाऊक असतं. तो रिमांड रिपोर्ट वाचून ‘हत्यार आधीच जप्त झालंय, मग चार दिवस कोठडी कशासाठी?’ असा नेमका प्रश्न करू शकतो. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली की जामिनाचा अर्ज लगेच टाकता येतो.

जामीन झाल्यानंतरच्या कामातही तोच उपयोगी. जामीनदाराचा सात-बारा, ओळखपत्र, गरज पडल्यास सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला), हे सगळं त्याच्या कारकुनाला पाठ असतं. दुपारी हुकूम झाला आणि कागद तुरुंगाच्या जामीनपेटीत (जामिनाचे हुकूम टाकायच्या पेटीत) वेळेत पडले नाहीत, तर माणूस आणखी एक रात्र आत राहतो. हे टाळणं मोठ्या नावापेक्षा धावपळीवर अवलंबून असतं.

उणी बाजूही तितकीच खरी. तालुक्याच्या छोट्या वकील संघात समोरच्या पार्टीचं वकीलपत्र त्यानेच किंवा त्याच्या ऑफिसातल्या कुणी आधीच घेतलेलं असू शकतं. क्रॉस केसमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी फिर्याद असताना, हे हमखास विचारा. दिवाणीत मुरलेला, फौजदारी अधूनमधून करणारा वकील साध्या केसला चालेल, 109 ला नाही.

सत्र न्यायालयाचं कलम किंवा अटकपूर्व: जिल्ह्याचा वकील

अटकपूर्व जामिनाचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो. आधी सत्र न्यायालयातच जावं. तिथे सरकारी वकिलाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, येईपर्यंत अंतरिम संरक्षण मिळवणं, हेच खरं कौशल्य. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात अटकपूर्वला कायद्याने मनाई आहे. प्रथमदर्शनी गुन्हाच बनत नाही, हे एफआयआरमधूनच दाखवता आलं, तरच काही वाव राहतो. अशा केसमध्ये विशेष न्यायालयात नेहमी उभा राहणाराच वकील घ्या.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी याच संहितेच्या कलम 35(3) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस येण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी अटकपूर्वसाठी घाईघाईने पैसे ओतण्याआधी नोटिशीला वेळेवर हजर राहणं आणि त्याची पोच घेणं जास्त महत्त्वाचं. नोटीस मिळूनही न जाणं हेच पुढे अटकेचं कारण होतं.

पुरावा आणि उलटतपास हे जिल्ह्याच्या वकिलाचं खरं मैदान. चार्जशीटच्या प्रती आरोपीला फुकट आणि हजर झाल्यापासून 14 दिवसांत मिळायला हव्यात. सत्र खटल्यात दोषमुक्तीचा (आरोप ठेवण्याआधीच सोडण्याचा) अर्ज केस सत्र न्यायालयात वर्ग झाल्यापासून 60 दिवसांत करायचा असतो. ही मुदत नव्या कायद्यात आलीय आणि ती चुकवणारे वकील आहेत. तसंच तपास 60 दिवसांत (मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90) संपून चार्जशीट आली नाही, तर जामीन हा हक्क होतो. दिवस पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजतात. चार्जशीट दाखल होण्याआधी अर्ज पडला नाही, तर तो हक्क हातचा जातो.

हायकोर्टाचा वकील

पहिल्या दिवशी त्याची गरज क्वचितच असते. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला, एफआयआर रद्द करायची आहे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 528), किंवा तडजोड झालीय पण गुन्हा आपसात मिटवता येण्यासारखा नाही, तेव्हा तो लागतो. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. तिथे मुंबईचा वकील नेलात, तर प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च तुमच्या माथी. आमचं मत असं, की खटला जिल्ह्याच्या वकिलाकडे ठेवावा आणि हायकोर्टापुरतंच वेगळं वकीलपत्र द्यावं.

लोकअभिरक्षक

पैसे नाहीत म्हणून बिनवकिलाचं उभं राहू नका. कोठडीतली व्यक्ती, महिला, बालक, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना 1987 च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. लोकअभिरक्षक, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेले बचाव पक्षाचे मोफत वकील, पूर्णवेळ हेच काम करतात, त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात मोफत वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, असं सर्वोच्च न्यायालयाचं बंधन आहे. अडचण दोन ठिकाणी येते: वकील तुम्हाला निवडता येत नाही, आणि एकेकाकडे केसेस भरपूर असतात. तरीही फौजदारी न करणाऱ्या नातेवाईक वकिलापेक्षा तो कधीही बरा.

फी ठरवताना

रिमांड, जामीन आणि खटला यांची फी वेगवेगळी बोला, कागदावर घ्या. नक्कल, टायपिंग, जामीनदाराचे कागद त्यात धरलेत का, हे विचारा. ‘जामीन झाला तरच पैसे द्या’ हा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ‘साहेबांना द्यायचेत’ म्हणून वेगळी रक्कम मागणाऱ्याकडून उठून या. ती लाच आहे आणि पकडले गेलात तर नवा गुन्हा तुमच्यावर. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. त्या न्यायालयात त्याच्या फौजदारी केसेस खरंच चालू आहेत का, ते तिथे दिसतं.

एकाच एफआयआरमध्ये पाच नावं असतील, तर सगळ्यांनी मिळून एक वकील स्वस्त पडतो. पण कुऱ्हाड एकाच्या हातात आणि बाकीचे नुसते उभे, असा आरोप असेल, तर त्यांचे बचाव एकमेकांविरुद्ध जातात. तिथे किमान दोन वकील करा.

मध्येच वकील बदलायचा झाला तर आधीच्याची एनओसी घेऊन नवं वकीलपत्र दाखल करा. फी थकली म्हणून त्याला तुमची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच हे सांगितलंय. फाईल घेताना चार्जशीटची प्रत, जामिनाचा हुकूम आणि पुढच्या तारखेची नोंद, हे तिन्ही मोजून घ्या. तारीख हुकली की वॉरंट निघतं, आणि ते घेऊन पोलीस वकिलाकडे नाही, तुमच्या घरी येतात.