फर्नेसचा फिल्टर: फायबरग्लास, चुणीदार की धुता येणारा?

फर्नेसचा, म्हणजे हवा तापवून वाहिन्यांतून घरभर खेळवणाऱ्या यंत्राचा, जुना फिल्टर बाहेर काढल्यावर तो लगेच टाकून न देता त्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर छापलेले माप आधी वाचावे. हे माप बहुधा नाममात्र असते. १६ × २५ × १ इंच असे छापलेला फिल्टर प्रत्यक्षात लांबी-रुंदीला पाव ते अर्धा इंच कमी आणि जाडीला पाऊण इंचाच्या आसपास भरतो. त्यामुळे फिल्टर बसतो ती खाच टेपने मोजून तोच आकडा दुकानात सांगणाऱ्याची फसगत होऊ शकते. सैल बसलेल्या फिल्टरच्या कडेने हवा न गाळताच आत शिरते, मग तो फिल्टर कितीही महाग असो.

फायबरग्लासचा पातळ फिल्टर सर्वांत स्वस्त असतो. उजेडासमोर धरला तर त्यातून पलीकडचे दिसते, आणि त्याची मर्यादाही तीच आहे. तो केस, कापसाचे तंतू आणि जाड धूळ अडवतो, म्हणजे ब्लोअरचे, अर्थात हवा ढकलणाऱ्या पंख्याचे, रक्षण करतो. घरातल्यांच्या फुफ्फुसांचे रक्षण हे त्याचे काम नाही. चुणीदार फिल्टरमध्ये मात्र कापडासारखा माध्यमपट बारीक चुण्या घालून बसवलेला असल्याने तेवढ्याच चौकटीत गाळण्याचे क्षेत्रफळ कितीतरी वाढते.

या दोहोंतील फरक मोजण्यासाठी ‘मर्व्ह’ ही १ ते १६ अशी श्रेणी वापरली जाते; आकडा जितका मोठा, तितकी गाळणी चांगली. फायबरग्लासचे फिल्टर साधारण १ ते ४ मध्ये मोडतात. मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराच्या कणांपैकी किमान ७० टक्के अडवतो, पण १ मायक्रॉनपेक्षा लहान कणांबाबत त्याच्याकडून कोणतीच किमान अपेक्षा नसते. धुरातले बहुतेक कण याच आकाराचे असतात. मर्व्ह ११ ला ०.३ ते १ मायक्रॉनचे किमान २० टक्के आणि मर्व्ह १३ ला किमान ५० टक्के कण अडवावे लागतात. काही विक्रेते स्वतःचीच वेगळी श्रेणी वेष्टनावर मोठ्या अक्षरात छापतात. तिची मर्व्हशी सरळ तुलना होत नाही, म्हणून मर्व्हचा आकडा शोधूनच खरेदी करावी.

मग सरळ १३ च का घेऊ नये? कारण माध्यम जितके दाट, तितका हवेला अडथळा अधिक, आणि हा अडथळा ब्लोअरला सोसावा लागतो. हवा कमी पडली की फर्नेसमधील उष्णता-विनिमयक (बर्नरची उष्णता हवेला देणारा भाग) प्रमाणाबाहेर तापतो, सुरक्षा स्विच बर्नर बंद करतो, आणि घर पुरते गरम होण्याआधीच यंत्र पुन्हापुन्हा चालू-बंद होऊ लागते. त्याच वाहिनीवर वातानुकूलन असेल, तर उन्हाळ्यात थंड कॉइलवर बर्फ साचू शकते. चौकट ब्लोअरच्या बाजूला पोटासारखी आत ओढली गेलेली दिसली किंवा कडेने शीळ ऐकू आली, तर फिल्टर तुंबला आहे किंवा त्या यंत्राला झेपत नाही.

म्हणून माझ्या मते आकड्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक, विचार जाडीचा करावा. चार-पाच इंची खाच असेल तर चुण्या खोल असतात, अडथळा विभागला जातो, मर्व्ह १३ सहसा निर्धास्तपणे वापरता येतो आणि तो सहा महिने ते वर्षभर टिकतो. एक इंची खाचेत मात्र मर्व्ह ८ किंवा ११ हीच समंजस निवड ठरते. घरात दम्याचा रुग्ण असल्यास १३ घेण्यापूर्वी फर्नेसच्या पुस्तिकेतील मर्यादा पाहावी किंवा तंत्रज्ञाकडून दाब मोजून घ्यावा.

धुता येणारे फिल्टर दीर्घकाळात स्वस्त पडतात खरे, पण बारीक कण अडवण्यात ते बहुधा मागेच राहतात आणि पुरते न वाळवता बसवल्यास त्यांवर बुरशी धरते. महिन्यातून एकदा धुऊन वाळवण्याचा नेम पाळणारी माणसे थोडीच असतात, म्हणून मी ते सुचवत नाही. अतिसूक्ष्म कणही अडवणारे हेपा फिल्टर घरगुती फर्नेसच्या खाचेसाठी नसतातच. तो दर्जा हवा असेल तर खोलीत स्वतंत्र हवाशुद्धक ठेवावा.

नवा फिल्टर फर्नेस बंद करूनच बसवावा आणि चौकटीवरील बाण ब्लोअरकडे आहे ना, हे पाहावे. एक इंची चुणीदार फिल्टरची मुदत साधारण तीन महिने असते, पण घरात केसाळ पाळीव प्राणी असल्यास तो दर महिन्याला काढून पाहणे बरे.