स्क्रॅच की अटल टिंकरिंग लॅब?

सहावी-सातवीच्या विद्यार्थ्याला तंत्रज्ञानाची गोडी लावायची असेल, तर स्क्रॅच हे आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवण्याचे सॉफ्टवेअर आणि अटल टिंकरिंग लॅब ही शाळेतली उपकरणांची प्रयोगशाळा, हे दोन्ही पर्याय चांगले आहेत. मात्र त्यांची जातकुळी वेगळी आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये खुले केलेले स्क्रॅच विनामूल्य आहे. त्यात 'दहा पावले चाल' हा ठोकळा 'सतत करत राहा' या ठोकळ्यात बसवला, की पडद्यावरची केशरी मांजर चालू लागते आणि कडेला जाऊन अडकते. मग ती परत कशी फिरवायची, हे शोधताना मुलाला अटी आणि आवर्तन (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणे) आपसूक कळू लागतात. एकदा संगणकावर उतरवून घेतले की स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालते, हा ग्रामीण भागासाठी मोठाच फायदा.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची लॅब सहावी ते बारावीसाठी असून, निवड झालेल्या शाळेला त्यासाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), सेन्सर, त्रिमितीय प्रिंटर प्रत्यक्ष हाताळायला मिळणे, ही गोष्ट पडद्यावर साधत नाही. पण खोलीची किल्ली कपाटातच राहिली, तर उपकरणांवर नुसती धूळ बसते. इथे सारी मदार उत्साही शिक्षकावर असते. म्हणून माझ्या मते सुरुवात स्क्रॅचनेच करावी, आणि शाळेत लॅब असल्यास आठवीपासून तिकडे वळावे.